डॉक्युमेंटेशन अपुरे असलेले पायथन मॉड्यूल समजत नसेल, तर तपासणी कोणत्या क्रमाने करावी?

मॉड्यूल इम्पोर्ट होते, एररही येत नाही, हव्या त्या फंक्शनचे नावही कुठल्याशा उदाहरणातून हाती लागलेले असते. पण त्या फंक्शनला नेमके काय द्यायचे, त्यातून काय परत येते आणि चुकीचे काही दिले तर ते कसे वागते, हे कुठेच लिहिलेले नसते. मग सापडलेल्या उदाहरणातला कोड उचलायचा, त्यातली मूल्ये बदलून पाहायची आणि जे चालले ते तसेच ठेवून पुढे जायचे, असे सुरू होते. काही दिवसांनी इनपुट थोडे वेगळे आले की तोच कोड कोलमडतो आणि मॉड्यूल आपल्याला मुळात कळलेच नव्हते, हे तेव्हा लक्षात येते. पुढच्या मॉड्यूलच्या वेळी हीच कथा पुन्हा घडते.

डॉक्युमेंटेशन नसणे ही अडचण खरीच आहे. परंतु ती पुन्हा पुन्हा आडवी येते त्याचे कारण बहुतेक वेळा आपण प्रश्न चुकीच्या क्रमाने विचारतो हे असते. 'हे कसे वापरायचे?' हा प्रश्न सर्वांत आधी विचारला जातो, वास्तविक तो शेवटून दुसरा असायला हवा. त्याआधी समोर असलेली फाइल नेमकी कोणती, तिच्यात बाहेरच्यांसाठी म्हणून काय ठेवले आहे, आणि एखादे मूल्य आत गेल्यावर त्याचे पुढे काय होते, हे पाहावे लागते. सुदैवाने पायथनमध्ये ही सर्व माहिती चालू प्रोग्रॅमलाच विचारता येते, कारण फंक्शन, क्लास आणि मॉड्यूल हे सगळे ऑब्जेक्टच असतात आणि आपले नाव, आपले पॅरामीटर, आपण कोणत्या फाइलच्या कोणत्या ओळीवर लिहिले गेलो, हे ते सोबत बाळगतात. डॉक्युमेंटेशन नाही याचा अर्थ माहिती नाही असा होत नाही.

पुढे फंक्शनांची आणि कमांडची नावे उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिली आहेत. टाइप करताना ती अर्थातच नेहमीच्या रोमन स्पेलिंगने लिहावीत. 'डंडर' म्हणजे नावाच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन अंडरस्कोर.

आधी खातरजमा: इम्पोर्ट झालेली फाइल तीच आहे का?

हा टप्पा क्षुल्लक वाटतो म्हणून गाळला जातो, आणि पुढचे अनेक तास त्यामुळेच वाया जातात. मॉड्यूल इम्पोर्ट केल्यावर त्याचे डंडर फाइल हे अ‍ॅट्रिब्यूट छापून पाहावे. त्यात पूर्ण पाथ मिळतो, आणि तो पाथ आपल्या अपेक्षेप्रमाणे आहे की नाही, हे एका नजरेत कळते. सिस सारख्या मॉड्यूलना हे अ‍ॅट्रिब्यूटच नसते, कारण ती इंटरप्रिटरच्या आतच बांधलेली असतात. तेव्हा 'अ‍ॅट्रिब्यूटएरर' आली तर तीही एक माहितीच आहे.

सर्वाधिक आढळणारा घोटाळा नावांचा असतो. स्क्रिप्ट चालवली जाते तेव्हा ती ज्या फोल्डरमध्ये आहे तो फोल्डर शोधाच्या यादीत सर्वांत वर येतो. त्यामुळे प्रयोगासाठी केलेल्या फाइलला आपण 'रँडम' किंवा 'सीएसव्ही' असे नाव दिले, तर इम्पोर्ट करताना स्टँडर्ड लायब्ररीतले मॉड्यूल बाजूला राहते आणि आपलीच फाइल उचलली जाते. मग 'या मॉड्यूलमध्ये असे फंक्शनच नाही' अशी एरर येते आणि आपण डॉक्युमेंटेशनला दोष देत बसतो. पायथन ३.१३ पासून अशा प्रसंगी एररच्या मजकुरातच फाइलचे नाव बदलण्याची सूचना मिळते. त्याआधीच्या आवृत्त्यांमध्ये ती मिळत नाही. ३.११ पासून कॅपिटल 'पी' हा पर्याय देऊन स्क्रिप्ट चालवली, तर तिचा फोल्डर यादीत वर जोडलाच जात नाही, आणि संशय खरा की खोटा हे त्यावरून लगेच ठरवता येते.

इन्स्टॉल करतानाचे नाव आणि इम्पोर्ट करतानाचे नाव एकच असते, असेही नाही. पिलो इन्स्टॉल केले की इम्पोर्ट होते ते 'पीआयएल'; सायकिट-लर्न इन्स्टॉल केले की 'एसकेलर्न'; पायवायएएमएल इन्स्टॉल केले की नुसते 'वायएएमएल'. अनोळखी कोडमध्ये केवळ इम्पोर्टचे नाव दिसत असेल आणि ते कोणत्या पॅकेजमधून आले हे ठाऊक नसेल, तर इम्पोर्टलिब.मेटाडेटा मधले पॅकेजेस_डिस्ट्रिब्युशन्स हे फंक्शन, जे ३.१० पासून उपलब्ध आहे, नेमकी हीच जोडी लावून देते. त्याच मॉड्यूलमधल्या व्हर्जन या फंक्शनने इन्स्टॉल असलेली आवृत्ती कळते. आपण वाचत असलेले उदाहरण एका आवृत्तीचे आणि आपल्याकडचे मॉड्यूल दुसऱ्या आवृत्तीचे, ही विसंगती इतक्या वेळा आढळते की आवृत्ती लिहून ठेवल्याशिवाय पुढे जाऊच नये. शिवाय 'पिप शो' या कमांडला फाइल्सचा पर्याय जोडला, तर त्या पॅकेजने डिस्कवर ठेवलेल्या फाइलींची यादी मिळते. मॉड्यूलची ठेवण कशी आहे याचा पहिला नकाशा म्हणून ती यादी फार उपयोगी पडते.

बाहेरून काय दिसते आणि काय दिसत नाही

यानंतर डिर आणि हेल्प ही दोन फंक्शने वापरावीत, पण त्यांच्या मर्यादा जाणून. डिर नावांची यादी देते. त्या यादीत लेखकाने आपल्यासाठी ठेवलेली नावे, त्याने स्वतःच्या सोयीसाठी इम्पोर्ट केलेली इतर मॉड्यूल आणि अंतर्गत मदतनीस फंक्शने असे सगळे एकत्र असते. त्यातून निवड करण्यासाठी मॉड्यूलमध्ये डंडर ऑल ही यादी आहे का, ते पाहावे. ती असेल तर लेखकाने कोणती नावे बाहेरच्यांसाठी म्हणून जाहीर केली, हे त्यात स्पष्ट लिहिलेले असते. ती नसेल तर एका अंडरस्कोरने सुरू होणारी नावे वगळावीत आणि उरलेल्यांपैकी प्रत्येकाचे डंडर मॉड्यूल तपासावे. ज्यांच्यात दुसऱ्याच मॉड्यूलचे नाव दिसते ती बहुधा इम्पोर्ट होऊन आलेली असतात. मात्र पॅकेजच्या इनिट फाइलमध्ये आतली नावे मुद्दाम वर आणून ठेवण्याची पद्धत सर्वत्र असल्यामुळे त्याच पॅकेजच्या आतून आलेली नावे वगळू नयेत.

डिरची यादी परिपूर्ण असेलच असेही नाही. पायथन ३.७ पासून मॉड्यूललाही स्वतःचे डंडर गेटअ‍ॅटर आणि डंडर डिर देता येते, त्यामुळे काही नावे मागितल्यावरच तयार होतात आणि यादीत दिसत नाहीत. उदाहरणात वापरलेले एखादे नाव यादीत नाही म्हणून ते अस्तित्वातच नाही, असा निष्कर्ष काढण्याआधी मॉड्यूलच्या फाइलमध्ये डंडर गेटअ‍ॅटर शोधावे.

हेल्पचे उत्तर डॉकस्ट्रिंगवर, म्हणजे फंक्शन किंवा क्लासच्या सुरुवातीला लेखकाने लिहिलेल्या वर्णनाच्या मजकुरावर, अवलंबून असते. डॉकस्ट्रिंग नसेल तर नावे आणि पॅरामीटर एवढेच दिसते, तरी तेही टाकाऊ नाही. येथे एक गोष्ट आवर्जून सांगावीशी वाटते: अनेक क्लासच्या मदतीत इनिटपुढे 'स्वतःला सुरू करा, अचूक सिग्नेचरसाठी टाइपची मदत पाहा' अशा अर्थाचे एक इंग्रजी वाक्य दिसते. ते त्या क्लासच्या लेखकाने लिहिलेले नसते. सर्व क्लासच्या मुळाशी असलेल्या ऑब्जेक्ट या क्लासकडून ते वारशाने येते. त्याच्या मागे लागून काही निष्पन्न होत नाही. लेखकाने इनिटसाठी काहीच लिहिलेले नाही, एवढाच त्याचा अर्थ. आणि ज्या मॉड्यूलला डॉकस्ट्रिंग आहे हे आपल्याला पक्के माहीत आहे त्याचीही मदत रिकामी येत असेल, तर पायथन दुहेरी 'ओ' हा ऑप्टिमायझेशनचा पर्याय देऊन चालवले जात नाही ना, ते पाहावे. त्या पर्यायाने डॉकस्ट्रिंग काढूनच टाकल्या जातात.

पॅरामीटरसाठी इन्स्पेक्ट मॉड्यूलमधले सिग्नेचर हे फंक्शन अधिक भरवशाचे आहे. डेकोरेटर, म्हणजे फंक्शनला बाहेरून गुंडाळणारे दुसरे फंक्शन, लावताना लेखकाने फंकटूल्समधले रॅप्स वापरले असेल, तर सिग्नेचर आतल्या मूळ फंक्शनपर्यंत पोहोचते. वापरले नसेल, तर केवळ 'स्टार आर्ग्ज, डबल स्टार केडब्ल्यूआर्ग्ज', म्हणजे 'कोणतीही आर्ग्युमेंट चालतील', एवढेच हाती लागते. अपुऱ्या डॉक्युमेंटेशनच्या मॉड्यूलमध्ये ही शेवटची स्थिती नेहमीचीच, आणि तिच्यावर एकच खात्रीचा उपाय आहे: सोर्स उघडून केडब्ल्यूआर्ग्ज या शब्दाचा पाठलाग करायचा. जेथे त्यावर गेट किंवा पॉप चालवले आहे तेथे मान्य नावे आणि त्यांची डिफॉल्ट मूल्ये लिहिलेली असतात, आणि जेथे ते जसेच्या तसे दुसऱ्या फंक्शनला दिले आहे तेथे पाठलाग त्या फंक्शनमध्ये सुरू ठेवायचा.

सोर्स वाचणे: एक उदाहरण जवळून

ही पद्धत प्रत्येकाला आपल्या मशीनवर पडताळता यावी, म्हणून स्टँडर्ड लायब्ररीतलेच उदाहरण घेऊ. रेग्युलर एक्स्प्रेशनसाठी, म्हणजे मजकुरात ठरावीक पॅटर्न शोधण्यासाठी, आपण सगळे वापरतो त्या आरई मॉड्यूलमध्ये स्कॅनर नावाचा एक क्लास आहे. तो अधिकृत डॉक्युमेंटेशनमध्ये नाही, डंडर ऑलमध्ये नाही आणि त्याला डॉकस्ट्रिंगही नाही. परंतु डिरच्या यादीत तो दिसतो. हेल्प विचारली तर कळते इतकेच की तो 'लेक्सिकॉन' आणि 'फ्लॅग्स' असे दोन पॅरामीटर घेतो, त्यांपैकी फ्लॅग्सचे डिफॉल्ट मूल्य शून्य आहे, आणि त्याची स्कॅन नावाची मेथड एक स्ट्रिंग घेते. लेक्सिकॉन म्हणजे लिस्ट, डिक्शनरी की आणखी काही, याबद्दल अवाक्षरही नाही.

आता इन्स्पेक्टमधल्या गेटसोर्सने त्याचा कोड छापावा. तो तीस-पस्तीस ओळींच्या आसपास आहे आणि त्याच्या अंतरंगातला पॅटर्न जोडण्याचा भाग पहिल्या वाचनात समजणे अवघड आहे. तो समजून घ्यायची गरजही नाही. वाचताना प्रश्न एकच धरावा: आपण दिलेले मूल्य कोणत्या ओळीत वापरले जाते आणि त्या ओळीला ते कसे असायला हवे? इनिटमध्ये लेक्सिकॉनवर एक फॉर लूप आहे, आणि त्यात प्रत्येक घटक 'फ्रेज' आणि 'अ‍ॅक्शन' अशा दोन नावांत उलगडला आहे. या एका ओळीने निम्मे उत्तर दिले: लेक्सिकॉन ही जोड्यांची मालिका आहे, जोडीतला पहिला घटक पॅटर्न आणि दुसरा कृती. थोडे पुढे स्कॅनमध्ये लेक्सिकॉनला क्रमांकाने हात घातलेला दिसतो, म्हणजे ती लिस्ट किंवा ट्यूपल हवी; जनरेटर दिला तर लूप पार पडेल, पण पुढे स्कॅनमध्ये गाडी अडेल.

दुसरे निम्मे उत्तर स्कॅनमधल्या अटींमध्ये आहे. कृती 'कॉलेबल', म्हणजे फंक्शनप्रमाणे बोलावता येणारी, आहे का, असे तपासले जाते; असेल तर तिला दोन आर्ग्युमेंट दिली जातात, एक खुद्द स्कॅनर आणि दुसरे जुळलेला मजकूर. कॉलेबल नसेल तर ते मूल्य जसेच्या तसे निकालात जाते. कृतीतून 'नन', म्हणजे पायथनमधले 'काहीच नाही' हे मूल्य, आले तर निकालात काहीच जात नाही. म्हणजे मोकळ्या जागा गाळायच्या असतील तर त्या पॅटर्नची कृती नन ठेवायची. फंक्शन बोलावण्याआधी जुळणीचा ऑब्जेक्ट स्कॅनरच्या मॅच या अ‍ॅट्रिब्यूटमध्ये ठेवला जातो, त्यामुळे मजकुरातले स्थान हवे असेल तर ते आपल्या फंक्शनला तेथून घेता येते. आणि शेवटच्या ओळीत परत येते ते ट्यूपल: निकालाची लिस्ट आणि उरलेली स्ट्रिंग.

एवढ्या वाचनावर विश्वास न ठेवता लगेच प्रयोग करावा. अंकांच्या पॅटर्नला पूर्णांक बनवणारे फंक्शन, अधिक चिन्हाला तेच परत देणारे फंक्शन आणि मोकळ्या जागेला नन, अशा तीन जोड्या आणि फ्लॅग्स म्हणून आरई.युनिकोड देऊन '१२ + ३ क' ही स्ट्रिंग स्कॅन केली, तर निकालाच्या लिस्टमध्ये पूर्णांक १२, अधिकचे चिन्ह आणि पूर्णांक ३ असे तीन घटक मिळतात, आणि उरलेली स्ट्रिंग म्हणून 'क' परत येते. अंक देवनागरीत दिले तरी चालते, कारण हा फ्लॅग असताना अंकांचा वर्ग युनिकोडमधले सर्व दशमान अंक ओळखतो आणि इंट हे फंक्शनही ते स्वीकारते; फ्लॅग्सचे डिफॉल्ट शून्य तसेच ठेवले, तर स्कॅनरमध्ये तो वर्ग फक्त रोमन लिपीतले 0 ते 9 हे अंक ओळखतो.

या प्रयोगात 'क' जुळला नाही तरी एरर आली नाही, ही सर्वांत महत्त्वाची बाब आहे. ज्याने केवळ उदाहरण उचलून पहिला घटक वापरला असेल, त्याचा निम्मा इनपुट मुकाट्याने गळून जाईल आणि त्याला त्याचा पत्ताही लागणार नाही. उरलेली स्ट्रिंग रिकामी आहे का, हे तपासणे वापरणाऱ्याची जबाबदारी आहे, आणि ही जबाबदारी कोणी कुठे लिहून ठेवलेली नाही. ती फक्त सोर्सच्या शेवटच्या ओळीतून कळते. तसेच लूपमध्ये आधीचे आणि नंतरचे स्थान सारखे आले तर थांबायचे, अशी एक अट आहे. म्हणजे रिकाम्या मजकुराशीही जुळू शकणारा पॅटर्न यादीत वर दिला, तर स्कॅन तेथेच थांबते, तेही एररशिवाय. आणि कोणती कृती निवडायची हे शेवटच्या जुळलेल्या गटाच्या क्रमांकावरून ठरते, हे दिसले की आपल्या पॅटर्नमध्ये साधे कंस टाकून नवे गट करू नयेत, गट न करणारे कंस वापरावेत, ही खबरदारीही आपसूक सुचते.

गेटसोर्सने फक्त क्लासचा कोड मिळतो. त्याच्या वर काय लिहिले आहे, ते मिळत नाही. म्हणून संबंधित फाइल प्रत्यक्ष उघडून आजूबाजूच्या ओळीही पाहाव्यात. स्कॅनरच्या बाबतीत क्लासच्या अगदी वर 'हा प्रायोगिक भाग आहे' अशा अर्थाची एक टिप्पणी आहे. डंडर ऑलमधून तो का वगळला, याचा खुलासा त्या एका ओळीत होतो, आणि त्यावर कितपत विसंबायचे हा निर्णयही आपल्याला घेता येतो.

सोर्सच मिळत नाही तेव्हा

गेटसोर्सने 'टाइपएरर' दिली तर ते फंक्शन बहुधा सी या भाषेत लिहिलेले असते. मॉड्यूलची फाइल 'एसओ' किंवा विंडोजवर 'पीवायडी' या एक्स्टेन्शनची असेल तर निदान पक्के. अशा मॉड्यूलच्या शेजारी 'पीवायआय' एक्स्टेन्शनची स्टब फाइल आहे का, ते पाहावे. स्टबमध्ये कोड नसतो, फक्त प्रत्येक फंक्शनचे पॅरामीटर आणि परत येणाऱ्या मूल्याचा प्रकार असतो. अनेकदा डॉक्युमेंटेशनपेक्षा तेच नेमके असते. स्टँडर्ड लायब्ररीसाठी आणि पुष्कळ बाहेरच्या पॅकेजसाठी अशा स्टब टाइपशेड या प्रकल्पात एकत्र ठेवलेल्या आहेत, आणि बहुतेक एडिटर सूचना देताना त्यांचाच आधार घेतात.

स्टबही नसेल तर एररच बोलक्या करून घ्याव्या लागतात. फंक्शन एकाही आर्ग्युमेंटविना बोलवावे, मग चुकीच्या प्रकारच्या मूल्याने बोलवावे, आणि प्रत्येक वेळी येणारा मजकूर नीट वाचावा. सीमध्ये लिहिलेली फंक्शने सुरुवातीलाच आर्ग्युमेंट तपासतात आणि 'अमुक इतकी हवी होती', 'अमुक प्रकार हवा होता' असे बरेचदा स्पष्ट सांगतात. अर्थात फाइल पुसणारे, नेटवर्कवर काही पाठवणारे किंवा डेटाबेसमध्ये लिहिणारे मॉड्यूल असेल तर हा प्रयोग टाकाऊ फोल्डरमध्ये, चाचणीच्या खात्यावरच करावा. नावावरून निरुपद्रवी वाटणारे फंक्शन तसेच असेल, असे गृहीत धरू नये.

परत आलेला ऑब्जेक्ट ओळखणे

फंक्शन चालले, पण परत आलेली वस्तू काय आहे हे कळत नाही, हा पुढचा अडसर. तेथे प्रिंट हा कच्चा साक्षीदार आहे, कारण छापलेला मजकूर लेखकाने ठरवलेला असतो आणि लिस्टसारखे दिसणारे काहीतरी प्रत्यक्षात लिस्ट नसू शकते. टाइप विचारावा, आणि तो अनोळखी निघाला तर त्याचे डंडर एमआरओ, म्हणजे तो कोणकोणत्या क्लासचा वारसा घेतो याची यादी, पाहावे. वारशाच्या साखळीत डिक्शनरी, एक्सेप्शन किंवा ट्यूपल असे ओळखीचे काही आढळले की वागणुकीचा मोठा भाग एकदम उलगडतो. व्हार्सने त्या ऑब्जेक्टच्या आतली मूल्ये दिसतात. डंडर स्लॉट्स वापरून अ‍ॅट्रिब्यूटची नावे आधीच ठरवून टाकलेल्या ऑब्जेक्टवर मात्र व्हार्स साधारणतः चालत नाही, तेथे स्लॉट्सची यादीच वाचावी.

येथे सावधगिरीची एक बाब आहे. इन्स्पेक्टमधले गेटमेंबर्स प्रत्येक अ‍ॅट्रिब्यूट प्रत्यक्ष वाचते, आणि ते अ‍ॅट्रिब्यूट प्रॉपर्टी असेल तर तिच्यामागचा कोड चालतो. प्रॉपर्टीच्या आड नेटवर्कची विनंती किंवा जड गणित दडलेले असू शकते. नुसते पाहायचे असेल, काही चालवायचे नसेल, तर गेटअ‍ॅटर_स्टॅटिक वापरावे. तसेच जनरेटर, म्हणजे मूल्ये एकेक करून आणि एकदाच देणारा ऑब्जेक्ट, परत आला असेल आणि तपासणीसाठी आपण तो लिस्टमध्ये ओतला, तर तो तेथेच संपतो आणि पुढच्या ओळीला रिकामा मिळतो. 'तपासल्यावर बंद पडले' अशा बऱ्याच तक्रारींचे मूळ हेच असते.

कोड वाचून वाट सापडत नाही तेव्हा

मोठ्या पॅकेजमध्ये एक फंक्शन दुसऱ्याला, ते तिसऱ्याला बोलावते आणि मधेच रजिस्ट्री, प्लगइन किंवा डिक्शनरीतून नाव शोधणे आले की वाचून काही कळेनासे होते. अशा वेळी प्रोग्रॅम चालवून वाट पाहून घ्यावी. हव्या त्या ओळीआधी ब्रेकपॉइंट हे फंक्शन लिहिले, जे ३.७ पासून कोणत्याही इम्पोर्टशिवाय मिळते, की पीडीबी हा पायथनचा डीबगर सुरू होतो आणि प्रोग्रॅम तेथे थांबतो. 'स्टेप'ने फंक्शनच्या आत शिरता येते, 'नेक्स्ट'ने ते ओलांडता येते, 'व्हेअर'ने आपण कोणत्या साखळीतून येथे पोहोचलो ते दिसते आणि 'अप'ने बोलावणाऱ्याकडे परत जाऊन त्याची मूल्ये वाचता येतात. प्रत्येक फंक्शनमध्ये शिरण्याचा मोह आवरावा. आपले मूल्य ज्यात गेले त्याच फंक्शनमध्ये शिरावे, बाकीची ओलांडावीत.

त्याहूनही आधी सीप्रोफाइल चालवून पाहण्याची शिफारस मी आग्रहाने करतो. ते वेग मोजण्याचे साधन आहे, पण एकूण वेळेनुसार लावलेल्या त्याच्या यादीत प्रत्यक्ष चाललेल्या सर्व पायथन फंक्शनांची नावे, फाइली आणि ओळ क्रमांक मिळतात. दोनशे फाइलींच्या पॅकेजमधून आपल्या कामाच्या चार-पाच फाइली कोणत्या, हे काही सेकंदांत समोर येते. बऱ्याच लायब्ररी स्वतःच्या हालचाली लॉगिंगमधून नोंदवत असतात, फक्त त्या दाखवल्या जात नाहीत. बेसिककॉन्फिगला डीबग पातळी दिली की कोणते कॉन्फिगरेशन वाचले, कोणता पर्याय निवडला, हे लेखकाच्याच शब्दांत दिसू लागते. कालबाह्य पद्धतीबद्दलच्या इशाऱ्यांचेही तसेच आहे: ते मुख्य स्क्रिप्टच्या बाहेर उद्भवले तर डिफॉल्टने झाकलेले राहतात. कॅपिटल 'एक्स' आणि त्यापुढे 'डेव्ह' हा पर्याय लावून चालवले की ते उघड होतात.

एरर आली असेल तर ट्रेसबॅक, म्हणजे एररसोबत छापली जाणारी फंक्शनांची साखळी, खालून वर वाचावा. शेवटच्या ओळीत काय घडले ते असते, पण आपल्या कामाची ओळ बहुधा तिच्या वर असते: आपल्या फाइलमधली शेवटची आणि मॉड्यूलमधली पहिली, या दोन ओळींच्या सांध्यावर आपण दिलेले मूल्य आणि मॉड्यूलची अपेक्षा यांतली तफावत सापडते.

लेखकाने स्वतः कसे वापरले आहे

टेस्ट हे बहुतेक वेळा सर्वांत प्रामाणिक डॉक्युमेंटेशन असते, कारण ते खोटे ठरले तर चालवताच कळते. मात्र पिपने येणाऱ्या व्हीलमध्ये, म्हणजे इन्स्टॉलसाठी तयार केलेल्या पॅकेजच्या फाइलमध्ये, टेस्ट बहुधा नसतात. त्यासाठी सोर्स डिस्ट्रिब्युशन उतरवावे किंवा मूळ रिपॉझिटरी पाहावी. त्यातही आपल्याला हव्या असलेल्या फंक्शनचे नाव शोधताना एरर अपेक्षित असलेल्या टेस्ट आधी वाचाव्यात. काय चालत नाही याची सीमा तेथे आखलेली असते. पॅकेजमध्ये डंडर मेन नावाची फाइल असेल तर ती अवश्य उघडावी, कारण लेखकाने आपलेच मॉड्यूल सुरुवातीपासून शेवटपर्यंत कोणत्या क्रमाने वापरले, ते तिच्यात दिसते. एखाद्या विचित्र ओळीचे कारण कळत नसेल तर गिट लॉगला कॅपिटल 'एस' हा पर्याय आणि त्या ओळीतला मजकूर द्यावा. ती ओळ ज्या बदलात आली त्याच्या संदेशात कारण मिळण्याची शक्यता बरीच असते.

कळलेले पक्के करणे

इतक्या खटाटोपातून जे कळले ते डोक्यात ठेवणे धोक्याचे आहे, आणि कॉमेंटमध्ये लिहिणेही पुरेसे नाही, कारण मॉड्यूल बदलले तरी कॉमेंट तीच राहते. प्रत्येक निष्कर्षाची एक छोटी टेस्ट लिहावी. वरच्या उदाहरणापुरते बोलायचे तर: जुळणारी स्ट्रिंग दिली तर हा निकाल येतो, न जुळणारा भाग उरलेल्या स्ट्रिंगमध्ये येतो, नन ही कृती असलेला भाग गळतो, आणि रिकामे जुळू शकणारा पॅटर्न स्कॅन थांबवतो. या चार टेस्ट आपल्या कोडच्या नसून त्या मॉड्यूलबद्दलच्या आपल्या समजुतीच्या आहेत, म्हणून त्या वेगळ्या फाइलमध्ये ठेवाव्यात.

जाहीर न केलेल्या नावावर विसंबणे टाळता येत असेल तर टाळावेच, असे माझे मत आहे. टाळता येत नसेल, तर ते नाव आपल्या प्रकल्पात एकाच फाइलमध्ये वापरावे. त्या फाइलीत त्याभोवती आपले छोटे फंक्शन लिहावे, उरलेली स्ट्रिंग रिकामी नसेल तर तेथेच एरर उठवावी आणि बाकी सर्व कोडने फक्त या फंक्शनला ओळखावे. मॉड्यूल बाहेरच्या पॅकेजमधले असेल तर त्याची आवृत्ती रिक्वायरमेंट्समध्ये नेमकी लिहून ठेवावी. ते स्टँडर्ड लायब्ररीतले असेल, तर ज्या पायथनवर पडताळले ती आवृत्ती टेस्टच्या फाइलमध्ये वरच नोंदवावी. आवृत्ती वाढवायची वेळ आली की सर्वांत आधी समजुतीच्या टेस्टची ती फाइल चालवावी, आणि त्यातली एखादी पडली तर आपल्या कोडला हात लावण्याआधी डंडर फाइल छापून पाहावे.